टपावरच्या पंख्याने बॅटरी भरत नाही : ई-तीनचाकीवाल्यांनो, पैसे देऊ नका

कुर्ला-साकीनाका भागात मालवाहू ई-तीनचाकीच्या टपावर ‘पवनचक्की किट’ बसवून देणारे फिरतायत. गाडी पळेल तसा पंखा फिरेल, चार्जिंगचा खर्च संपेल, असं सांगतात. अर्धे पैसे आधी यूपीआयने, उरलेले बसवल्यावर. बिल मागितलं की ‘व्हॉट्सॲपवर पाठवतो’, आणि मग नंबर बंद.

डेमो रात्री, मोकळ्या हायवेवर देतात. मल्टिमीटरवर पन्नासच्या वर व्होल्ट दिसतात, डब्यावरचा हिरवा दिवा लागतो आणि माणूस भुलतो. ते व्होल्ट बिनलोडचे, म्हणजे बॅटरी न जोडता मोजलेले असतात. बॅटरी भरते अँपिअरने, आणि ते कोणी मोजून दाखवत नाही. किटकडून बॅटरीकडे जाणाऱ्या एकाच तारेवर डीसी क्लॅम्प मीटर (तार न कापता अँपिअर मोजणारा चिमटा) लावायला सांगा (साधा एसी क्लॅम्प इथे चालत नाही) आणि आलेले अँपिअर व्होल्टने गुणा, खरे वॅट कळतील.

३० सेंटिमीटरच्या पंख्यावर ताशी ६० किलोमीटर वेगात साधारण १९० वॅटचा वारा येतो. छोटा पंखा त्यातला पाव हिस्सा पकडतो. जनरेटर-कन्व्हर्टरची गळती वजा जाता ३५ वॅट हातात आले तरी नशीब. ७ युनिटच्या बॅटरीला तासभरात अर्धा टक्का! वेग तिसऱ्या हिश्शावर आला की वीज सत्ताविसाव्या हिश्शावर येते. एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी २० ने चालते, म्हणजे जेमतेम सव्वा वॅट.

आणि हे ३५ वॅटही फुकटचे नाहीत. पंखा वारा अडवतो, ते ओढणं मोटरवर येतं. सायकलला डायनॅमो टेकवला की पेडल जड होतं, तसंच. गणिताने वाऱ्यातून सर्वांत जास्त वीज काढणारा पंखासुद्धा गाडीकडून ३ वॅट घेऊन २ परत देतो. हा टपावरचा बॅटरीचे शंभराहून जास्त वॅट खातो. ‘विमानातही असतो’ हे विक्रेत्याचं आवडतं वाक्य. विमानातली चक्की इंजिनं किंवा मुख्य वीज गेल्यावर बाहेर येते आणि विमानाचा वेग, उंची खर्चून चालते.

उघडलेल्या एका किटमध्ये जुनी डीसी मोटर आणि बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्ट वाढवणारं सर्किट) निघाला. हिरव्या दिव्याची तार थेट गाडीच्या बॅटरीवरून घेतलेली, म्हणून गाडी उभी असतानाही तो पेटतो! बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) वगळून तारा सरळ पॅकच्या टर्मिनलला जोडलेल्या, मध्ये फ्यूज नाही. टपाच्या पत्र्यावर इन्सुलेशन घासलं की शॉर्ट होऊन आग लागू शकते. किट बसवलं असेल तर आजच ऑथोराइज्ड इलेक्ट्रिशियनकडून तारा काढून घ्या. शिवाय परवानगीशिवाय गाडीत बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, किटचे फोटो जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तुम्ही दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.