अकरावी-बारावी सायन्स: पुस्तकाच्या क्रमाने शिकायचं की धडे जोडून?

अकरावीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नागपुरातल्या माझ्या नंदनवनच्या क्लासमध्ये हमखास एक हात वर होतो. "सर, हे डीएक्स बाय डीटी काय आहे?" पोराची काही चूक नाही. स्टेट बोर्डाच्या फिजिक्समध्ये दुसऱ्याच धड्यात हे डेरिव्हेटिव्ह येतं. गणितात तेच डिफरन्सिएशन दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी! म्हणजे फिजिक्सला जुलैत लागणारी गोष्ट गणितात वर्ष संपता संपता मिळते. पीसीबीवाल्यांना (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) तर गणितच नसतं.

पुस्तकाच्या क्रमाची सोय मोठी आहे. कॉलेज, युनिट टेस्ट, प्रॅक्टिकल, सगळं एका चालीने जातं. ज्याचं लक्ष्य बोर्ड आणि सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा), त्याने हाच रस्ता धरावा. सीईटीत अकरावीचा वाटा साधारण 20 टक्के, तोही निवडक धड्यांचा, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. पीसीएमच्या (फिजिक्स-केमिस्ट्री-गणित) 200 मार्कांपैकी 100 एकट्या गणिताचे, हे मात्र पालकांना उशिरा कळतं.

धडे जोडून शिकणं म्हणजे अकरावीचं इलेक्ट्रोस्टॅटिक्स संपलं की लगेच बारावीचं घ्यायचं. एरवी मध्ये वर्ष जातं आणि गाऊसचा नियम पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो. सेमीकंडक्टरचंही तसंच. जेईईला, म्हणजे इंजिनीअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेला, याचा फार उपयोग होतो, कारण तिथे अकरावीला सूट नाही. पण कॉलेजात टेस्ट गुरुत्वाकर्षणाची आणि क्लासात चाललंय करंट, ही ओढाताण सगळ्यांना झेपत नाही. रोज घरी जाऊन वही उघडणाऱ्यालाच हे जमतं.

जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, बोर्डाच्या आधी. पुस्तकाच्या क्रमाने गेलात तर बारावी फिजिक्सचे शेवटचे तीन धडे (ड्युअल नेचर, अणू-केंद्रक, सेमीकंडक्टर) डिसेंबरात कसेबसे उरकतात. नेमके हेच धडे छोटे, सूत्रांचे आणि मागच्या धड्यांवर फारसे न टेकलेले. ते दिवाळीच्या सुट्टीत ओढून घ्या, मग रस्ता कुठलाही असो. एप्रिलचं दुसरं सत्र आहेच, दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात. आणि व्हीएनआयटी (नागपूरची एनआयटी) डोक्यात असेल तर बोर्डात 75 टक्क्यांची अटही डोक्यात ठेवा. जेईईच्या नादात प्रॅक्टिकलची जर्नल अर्धवट ठेवणारे हुशार मुलगे मी पाहिलेत.

मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचं गणित वेगळं. 180 प्रश्नांपैकी 90 बायोलॉजीचे. बायोचे धडे एकमेकांवर तितके अवलंबून नसतात, त्यामुळे तिथे क्रम मोडण्यात फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ वाचा. पेपर मे महिन्यात, दुपारी दोन ते पाच. नागपुरात ही जेवून कूलरसमोर आडवं व्हायची वेळ. एप्रिलपासून सराव पेपर याच वेळेत सोडवायला बसवा.

मी स्वतः पीसीएमच्या बॅचला धडे जोडून शिकवतो, पीसीबीला पुस्तकाप्रमाणे. पहिले आठ दिवस मात्र दोन्हीकडे फिजिक्स नाहीच. फक्त ग्राफचा स्लोप आणि डिफरन्सिएशन. नवव्या दिवशी कुणाचे तरी बाबा दारात उभे असतात: "सर, पोर्शन कधी सुरू करता?"