लुगानो-कोमोच्या सरोवरांकडे: बर्निना की गोत्थार्ड?

आल्प्स ओलांडून दक्षिणेकडच्या सरोवरांच्या प्रदेशात रेल्वेने उतरायचे ठरले, की बहुतेकांचा निर्णय दोन गाड्यांपाशी अडतो: स्वित्झर्लंडमधील कूर किंवा सेंट मॉरिट्झहून इटलीतील तिरानोला जाणारी बर्निना एक्स्प्रेस आणि ल्युसर्नहून लुगानोला नेणारी गोत्थार्ड पॅनोरमा एक्स्प्रेस. जाहिरातींतील छायाचित्रे दोन्हींची सारखीच मोहक असली, तरी डोंगर चढण्याची त्यांची रीत अगदी वेगळी आहे, आणि निवड त्या रीतीवरूनच करावी, असे माझे मत आहे.

गोत्थार्ड पॅनोरमा ज्या जुन्या मार्गाने जाते, तो १८८२ साली खुला झाला. त्याचा चढ साधारण ३७ला १ (३७ मीटर अंतरात एक मीटर उंची), म्हणजे जवळपास आपल्या बोरघाटाएवढाच आहे. एवढ्या सौम्य चढावर उंची गाठण्यासाठी रूळ डोंगराच्या पोटात वर्तुळाकार फिरवलेले असल्यामुळे वासेन गावचे एकच चर्च आधी वर, मग समोर आणि शेवटी खाली असे तीनदा दिसते. मात्र या मार्गाचा सुमारे ११५० मीटरचा सर्वोच्च बिंदू १५ किलोमीटर लांबीच्या बोगद्यात आहे. माथ्यावर पोहोचल्याचा क्षण प्रवाशाला अंधारात काढावा लागतो.

बर्निना मात्र आपला माथा उघड्यावर ओलांडते. १९१० साली पूर्ण झालेल्या या मीटरगेज मार्गाचा कमाल चढ सात टक्के, म्हणजे सुमारे १४ला १ आहे, तरीही दातेरी रुळांचा (ज्यांत इंजिनाचे दातेरी चाक अडकते) आधार न घेता गाडी २२५३ मीटरवरील ओस्पित्झिओ बर्निना स्थानकापर्यंत चढते. तेथे लागो बिआंको हे सरोवर रुळांना लागून आहे. पुढे गाडी अठराशे मीटरांहून अधिक खाली येऊन ४२९ मीटरवरील तिरानोला पोहोचते, आणि गोत्थार्डने डोंगरात लपवलेले वर्तुळ ब्रुझिओ गावापाशी मोकळ्या माळावरच्या दगडी पुलावर घेते. वेळ असेल तर कूरहूनच बसावे: चार तासांहून अधिक लागतात, पण ६५ मीटर उंचीचा लांडवासर पूल त्याच टप्प्यात येतो. दक्षिणेकडे जाताना उजवी खिडकी घ्यावी.

सरोवराच्या बाबतीत मात्र गोत्थार्ड सरस ठरते. ल्युसर्न ते फ्ल्यूलेन हा पहिला टप्पा बोटीने होतो, तेथे धक्का आणि स्थानक शेजारीशेजारी असल्याने सामान असलेल्या ज्येष्ठांनाही त्रास होत नाही, आणि शेवट थेट लुगानोला होतो. बर्निना तिरानोलाच थांबते. तेथून लुगानोची बस उन्हाळी हंगामापुरती असते आणि सुमारे तीन तास घेते. त्यापेक्षा मिलानकडे जाणारी साधी लोकल पकडून कोमो सरोवराच्या काठावरील वारेन्नाला उतरणे मला अधिक सोयीचे वाटते. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो. तिरानोत जेवायला थांबणाऱ्या शाकाहारी प्रवाशांसाठी कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी आणि चीज यांचे पित्झोकेरी आहेच.

खर्चाचे म्हणाल, तर गोत्थार्ड पॅनोरमाच्या गाडीत फक्त प्रथम वर्ग आहे. बर्निनात दोन्ही वर्ग आहेत, पण आरक्षण सक्तीचे आहे. याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात आणि त्यांना आरक्षण सक्तीचे नाही. बर्निनाच्या साध्या गाडीच्या अनेक डब्यांत खिडकीही उघडते, त्यामुळे काचेवरील प्रतिबिंबाविना छायाचित्रे हवी असणाऱ्यांनी ‘एक्स्प्रेस’चा आग्रह सोडावा. हिवाळ्यात जाणाऱ्यांपुढे तर हा प्रश्नच उरत नाही: गोत्थार्ड पॅनोरमा तेव्हा बंद असते, बर्निना बर्फातूनही धावते.