‘सुई लावू नका, गाठ विरघळवून देतो’: ठाणे स्टेशनाजवळची जडीबुटीची फसवणूक

छातीत गाठ हाताला लागते, सोनोग्राफी होते आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत ‘बायोप्सीचा सल्ला’, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासा, असं छापून येतं. हा कागद हातात पडल्यापासून बायोप्सी होईपर्यंत बाई घाबरलेली असते आणि घरात प्रत्येक जण वेगळं काहीतरी सुचवत असतो. जडीबुटीवाल्यांची टोळी नेमके हेच दिवस गाठते. खाली कळव्यातल्या एका बाईंचं प्रकरण दिलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे, पद्धत मात्र जशी होती तशीच ठेवली आहे, कारण तीच सगळीकडे वापरली जाते.

बाईंचं वय 42. डाव्या स्तनात 1.8 सेंटिमीटरची कडक गाठ, दुखणं अजिबात नाही. रिपोर्टवर ‘बायरॅड्स 4 बी’. गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता सांगणारा हा आकडा फार थोड्या घरांत कुणी समजावून सांगतं, म्हणून इथे सांगतो. बायरॅड्स 2 म्हणजे गाठ साधी. 3 म्हणजे कर्करोगाची शक्यता 2 टक्क्यांपर्यंत. अशा गाठीची साधारण सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात. 4 म्हणजे संशय आहे, तुकडा तपासल्याशिवाय बोलता येत नाही. त्यात ‘ए’ला 2 ते 10, ‘बी’ला 10 ते 50 आणि ‘सी’ला 50 ते 95 टक्के शक्यता धरतात. 5 म्हणजे त्याहून जास्त. म्हणजे या बाईंची गाठ साधी निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होती, पण नुसत्या हाताने किंवा नाडीने ते ठरवणं कुणालाही शक्य नव्हतं.

सोनोग्राफी सेंटरखाली रिक्षाची वाट पाहताना शेजारी एक बाई येऊन उभी राहिली. नीटनेटकी साडी, हातात तशीच फाईल. “ताई, गाठीचा रिपोर्ट का? माझ्या नणंदेला अगदी असंच होतं. सुई टोचली आणि सगळीकडे पसरलं. मग जावेला आम्ही सुई लावूच दिली नाही, वैद्यांकडे नेलं, तीन महिन्यांत गाठ गायब.” तिने काही विकलं नाही, पैसे मागितले नाहीत, सोबतही गेली नाही. फक्त एक नंबर दिला. ही बाई टोळीचीच असते आणि तिचं काम इथे संपतं. तिचा काही फायदा दिसत नाही, म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो.

सुई टोचल्याने कर्करोग पसरतो ही भीती पेरणं हा या धंद्याचा पाया आहे. कोअर बायोप्सीत गाठीवरची जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, बारीक पोकळ सुईने मांसाचे काही धागे काढतात. साधारण अर्ध्या तासाचं काम असतं, दाखल व्हावं लागत नाही, थोडं काळंनिळं पडतं तेवढंच. त्याने आजार पसरून बाई दगावते असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. उलट त्या धाग्यांवरूनच गाठ कर्करोगाची आहे का, असल्यास हार्मोनला प्रतिसाद देणारी आहे का आणि कोणतं औषध चालेल, हे कळतं. बायोप्सी टळली की विक्रेत्याचा दावा खोटा पाडणारा पुरावाच तयार होत नाही.

दुकान स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, भाड्याच्या गाळ्यात. काचेच्या बरण्या, पितळी खल, छोटा काटा, भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. ‘वैद्यजी’ नाडी बघून म्हणाले, “गाठ अजून कच्ची आहे, वेळेवर आलात.” चिठ्ठीवर सहा नावं लिहिली. त्यातली पाच कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात स्वस्तात मिळणारी: कांचनार साल, वरुण, त्रिफळा, शुद्ध गुग्गुळ, हळद. सहावं नाव कुठल्याही निघंटूत, म्हणजे आयुर्वेदाच्या वनस्पतिकोशात, सापडत नाही. पैसा सगळा त्या सहाव्या नावात असतो.

त्या बरणीवर नुसतं ‘350’ लिहिलेलं होतं. माणसाला वाटतं पाकिटाला असेल, फार तर तोळ्याला. चिठ्ठीवर रोज 2 ग्रॅम, 90 दिवस. म्हणजे 180 ग्रॅम. तोळ्याच्या भावाने (तोळा 11.66 ग्रॅमचा) त्याचे 5,400 रुपयांच्या आसपास झाले असते. भाव निघाला ग्रॅमचा, बिल झालं 63,000. आणि हे सांगितलं कधी? सगळं एकत्र खलात कुटून झाल्यावर. “आता मिसळलं, परत कसं घेणार? दुसऱ्या कुणाला चालणार नाही, तुमच्या नाडीप्रमाणे बांधलंय.” बाईंकडे 11,000 होते. मिस्टरांना फोन करून उरलेले 52,000 यूपीआयने मागवले. क्यूआर कोडवर आलेलं नाव ना दुकानाचं होतं, ना वैद्यांचं. बिल दिलं नाही, आणि “पुढच्या वेळी लागेल” म्हणून चिठ्ठीही ठेवून घेतली. पुढे तक्रार करताना या चिठ्ठीचीच सगळ्यात जास्त उणीव भासते.

पैशाची बाजू इतकीच. शरीराची बाजू जास्त गंभीर आहे.

चूर्णासोबत एक काळपट लेप दिला होता, रात्री गाठीवर लावायचा. आठवड्यात कातडी लाल झाली, मग फोड आले, मग जखम वाहू लागली. फोनवर उत्तर आलं, “विष बाहेर पडतंय, थांबवू नका.” अशा लेपांत बिब्ब्याचं तेल, रुईचा चीक, चुना किंवा क्षार असतो. बिब्बा उतला की काय होतं हे आपल्याकडच्या जुन्या बायकांना ठाऊक असतं. त्या तेलातली द्रव्यं कातडी जाळतात आणि काहींच्या अंगभर पुरळ उठतं. ती जळजळ कातडीची असते. आतली गाठ तशीच राहते, वर खपली धरते आणि ती पडली की ‘गाठ गळून पडली’ असं दाखवलं जातं. शिवाय जखमी कातडीवर मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, नीट करता येत नाही, म्हणजे तपासणी आणखी लांबते.

काहींना लेप न देता नुसत्या पुड्या देतात आणि दुखणं, सूज खरंच झपाट्याने उतरते. असं झालं तर आनंदाच्या आधी संशय घ्या. जडीबुटीच्या नावाने विकलेल्या पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, मिसळल्याचं अनेकदा आढळलं आहे. भूक एकदम वाढते, चेहरा गोल होतो, रक्तातली साखर आणि रक्तदाब चढतो. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाचा स्तनाचा एक कर्करोग नसलेला आजार आहे, त्यात स्टेरॉइडने गाठ खरोखर आक्रसते. अशी एखादी बाई मग दहा जणींना छातीठोकपणे तोच पत्ता देते. आणि गाठ क्षयाची असेल तर हेच स्टेरॉइड आजार भडकवतं.

आणखी एक युक्ती दुसऱ्या सोनोग्राफीची. महिन्याने ‘आमच्या ओळखीच्या’ सेंटरवर पाठवतात. एकाच गाठीचं माप दोन तपासणाऱ्यांकडे, दोन मशिनवर, एक-दोन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतं. 18 चे 16 झाले की ‘गाठ विरघळते आहे’. पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, तर औषधाविना लहानमोठी होते, नाहीशीही होते. पाळीच्या आधी दुखणारे, गोळ्यागोळ्यांचे लागणारे स्तन पाळी आली की आपोआप मऊ होतात. विशी-पंचविशीतल्या मुलींची बोटाखालून निसटणारी फायब्रोअडिनोमाची गाठ वर्षानुवर्षं तेवढीच राहते, काही वेळा विरतेही. विक्रेत्याच्या भिंतीवरचे ‘बऱ्या झालेल्या’ पेशंटचे फोटो यातूनच येतात.

कळव्याच्या बाईंनी 90 दिवसांचा कोर्स पूर्ण केला, नंतर ‘मूळ उखडायला’ आणखी 60 दिवस. काखेत गोळा लागला तेव्हा मुलीने हट्टाने रुग्णालयात नेलं. गाठ 3.4 सेंटिमीटर, काखेतल्या ग्रंथीत कर्करोग. सुरुवातीला 1.8 सेंटिमीटर असताना, काख स्वच्छ असती तर, हा पहिला टप्पा ठरला असता. 2 सेंटिमीटर ही तिथली सीमा आहे. आता तो दुसऱ्या टप्प्याचा ‘बी’ गट झाला. उपचार आहेत आणि ते चालू आहेत, पण त्यात केमोथेरपी आली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगावर नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांचा मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त दिसला होता.

वनस्पतींवर आमचा राग नाही. पाळीच्या आधीच्या दुखण्यावर रोज सुमारे 25 ग्रॅम कुटलेलं जवस काही बायकांना उपयोगी पडतं, आपल्याकडे ते चटणीतून जातंच. नीट मापाची ब्रा आणि डॉक्टरांना विचारून लावलेलं डायक्लोफिनॅक जेलही दुखणं कमी करतं. इव्हनिंग प्रिमरोझ या फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र महाग आणि चाचण्यांत साध्या तेलाहून सरस न ठरलेल्या. ब्रिटनमध्ये या दुखण्यावरचा त्यांचा परवाना 2002 मध्येच काढून घेतला गेला. पत्रकांवर ‘युरोपात सिद्ध झालेली निर्गुंडी’ असं दिसतं, तेही फसवं: तिथे अभ्यास झाला तो व्हायटेक्स ॲग्नस-कॅस्टसच्या फळांच्या अर्काचा, आपली निर्गुंडी म्हणजे व्हायटेक्स निगुंडो ही त्याच कुळातली वेगळी वनस्पती. लक्ष्मीतरूच्या पानांचा काढा किंवा मामफळाची (इंग्रजीत सावरसॉप) पानं यांनी माणसांतला स्तनाचा कर्करोग बरा झाल्याचा पुरावा नाही. मामफळातल्या ॲनोनॅसिन या द्रव्याचा तर मेंदूच्या पार्किन्सनसारख्या आजाराशी संबंध जोडला गेला आहे. आणि टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध चालू असलेल्या बायकांनी हळद-मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल परस्पर घेऊ नयेत, त्याने औषधाचा परिणाम करणारा अंश रक्तात कमी होतो. भाजीतल्या हळदीबद्दल हे नाही.

कांचनार गुग्गुळ ग्रंथात गाठींसाठी सांगितलेला आहे, हे खरं. पण चांगला वैद्य आधी ‘बायोप्सी करून या’ म्हणतो. ठाण्यात असे वैद्य आहेत आणि या टोळ्यांमुळे त्यांचंही नाव खराब होतं.

पुडी घेण्याआधी दोन मिनिटं काढून पाहा. कारखान्यात बनलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकांची नावं प्रमाणासह, बॅच नंबर, उत्पादनाचा परवाना क्रमांक, बनवणाऱ्याचा पत्ता आणि मुदत हवी. तिथे फक्त एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांक असेल तर कायद्याने ते अन्न आहे, औषध नाही, आणि अन्नाला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. “वैद्य स्वतःच्या पेशंटला स्वतः बनवलेलं देऊ शकतो, परवाना लागत नाही,” असं हे लोक सांगतात. तशी सवलत कायद्यात आहे, पण ती खऱ्या वैद्यांसाठी. म्हणून महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक मागा आणि तिथे पडताळून घ्या. भिंतीवरची फ्रेम पुरेशी नाही. जाहिरातीचं म्हणाल तर 1954 च्या औषधी व जादुई उपाय कायद्याच्या यादीत कर्करोगही आहे आणि स्तनांचा आकार व घडणही. त्यामुळे ‘गाठीचा कर्करोग बरा करू’ किंवा ‘स्तन सुडौल करू’ हे पत्रक छापणं हाच गुन्हा आहे, पुडीत काहीही असो.

बायोप्सीसाठी ठाण्याच्या बाजूला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय इथे सर्जरीच्या ओपीडीत दाखवून पुढची वाट विचारता येते. कर्करोगाचा संशय पक्का असेल तर खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटाचंच केंद्र, आणि परळचं टाटा कर्करोग रुग्णालय आहे. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला त्याच आवारात भेटा. गाठ कडक, न हलणारी, वरची कातडी ओढलेली किंवा संत्र्याच्या सालीसारखी झालेली, बोंड आत गेलेलं, त्यातून रक्त येतंय, काखेत गोळा आहे, यातलं काहीही असेल तर दुखत नाही म्हणून थांबू नका. कर्करोगाची गाठ बहुधा दुखतच नाही.

फसवणूक झाली असेल तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक, समोरच्याचं नाव दाखवणारा स्क्रीनशॉट, कॉलची यादी आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज आधी जपून ठेवा. त्यांचा नंबर रागाने ब्लॉक किंवा डिलीट करू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा. मग जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे. औषधाबाबत राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक 1800-222-365, ग्राहक म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. उरलेलं चूर्ण आणि लेप फेकू नका, मूळ पुडीतच ठेवा. त्यातला अर्धा भाग तपासणीसाठी लागेल. बाकीचा डॉक्टरांना दाखवा आणि ‘हे किती दिवस, दिवसातून किती वेळा घेतलं’ ते न लाजता सांगा. चेहरा सुजला असेल किंवा कोर्स तीन आठवड्यांहून जास्त झाला असेल तर पुडी एका दिवसात बंद करण्याआधीही त्यांना विचारा, कारण त्यात स्टेरॉइड असेल तर अचानक थांबवल्याने रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टर तेवढ्यासाठी रक्तातलं कॉर्टिसॉल तपासून डोस हळूहळू उतरवतात. बायोप्सीची तारीख मात्र त्यासाठी पुढे ढकलू नका, ती त्याच भेटीत घ्या.