सबडोमेन रीडायरेक्टसाठी कॅडी सर्व्हर कसा आहे: माझा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, तुमच्याकडे बरीच सबडोमेनं असतील, ब्लॉग वेगळा, शॉप वेगळं, डॉक्स वेगळे, आणि त्यातली काही बंद करून मेन डोमेनवर न्यायची असतील (जुना पत्ता उघडणाऱ्याला नव्या पत्त्यावर पाठवणं, यालाच रीडायरेक्ट म्हणतात) तर कॅडी हा वेब सर्व्हर वापरा. अपाची आणि एनजिनएक्स हे दोन्ही सर्व्हर चांगलेच आहेत आणि दोन्हीवर हे काम होतं, पण या एका कामात कॅडी जेवढा त्रास वाचवतो तेवढा दुसरं कुणी वाचवत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

अपाचीत मॉड रीराइटने (पत्ते बदलणारं त्याचं मॉड्यूल) हेच करायचं म्हटलं तर आधी कंडिशनमधे होस्ट (डोमेनचं नाव) तपासा, मग रूलमधे पाथ (नावापुढचा पत्त्याचा भाग) पकडा, कंडिशनमधून पकडलेला तुकडा टक्क्याच्या खुणेने वापरायचा आणि रूलमधला डॉलरच्या, त्यात तोच रूल मेन कॉन्फिगमधून उचलून एचटीअॅक्सेसमधे (एका फोल्डरपुरती सेटिंगची फाइल) टाकला की चालत नाही कारण तिथे पाथच्या सुरुवातीचा स्लॅश काढून टाकलेला असतो. एनजिनएक्समधे बरंच सुटसुटीत आहे, जुन्या नावाचा वेगळा सर्व्हर ब्लॉक आणि आत एक रिटर्न ३०१ (कायमच्या रीडायरेक्टचा कोड), झालं. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमधेच सांगितलंय की होस्ट बदलायला रीराइट आणि इफ वापरू नका, रिटर्न वापरा.

मग कॅडीत वेगळं काय? सर्टिफिकेट, म्हणजे हे डोमेन आपलंच असल्याचा ब्राउझरला लागणारा पुरावा. रीडायरेक्टचं उत्तर ब्राउझरला मिळतं ते टीएलएसची (सुरक्षित एचटीटीपीएस कनेक्शनची) बोलणी पूर्ण झाल्यावर, म्हणजे जुन्या सबडोमेनवर आता एक पानही नसलं तरी त्याचं सर्टिफिकेट जिवंत लागतं, नाहीतर लोकांना रीडायरेक्टच्या आधी लाल वॉर्निंग दिसते आणि ते परत जातात. अर्ध्या लोकांचे "रीडायरेक्ट चालत नाही" हे प्रश्न खरं तर इथलेच असतात. कॅडीफाइलमधे (कॅडीची सेटिंगची फाइल) सबडोमेनचं नाव लिहिलं की तो स्वतः सर्टिफिकेट आणतो, मुदत संपायच्या आधी रिन्यू करतो, एचटीटीपीवरून एचटीटीपीएसला पण स्वतःच पाठवतो (३०८ ने, हाही कायमच्या रीडायरेक्टचा कोड). आपण फक्त डीएनएस रेकॉर्ड (नावाचा पत्ता सांगणारी नोंद) या सर्व्हरकडे वळवायचा आणि पोर्ट ८० आणि ४४३ उघडे ठेवायचे. तीन ओळींत एक सबडोमेन संपतं!

आता जिथे सावध राहायचं ते. रीडिर (redir) हा रीडायरेक्टचा डायरेक्टिव्ह, म्हणजे कॅडीफाइलमधली सूचना, नुसता लिहिला तर ३०२ जातो, म्हणजे तात्पुरता. कायमचं हलवायचं असेल तर शेवटी परमनंट लिहावंच लागतं. माझ्या मते हा डिफॉल्ट बरोबर आहे कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, चुकीचा गेला तर तुम्ही सर्व्हरवर दुरुस्त केलं तरी त्या माणसाचा ब्राउझर जुन्याच जागी जात राहतो, म्हणून आधी ३०२ वर तपासा आणि मगच परमनंट करा. एपीआयचं सबडोमेन असेल तर ३०१ पण नको, ३०८ द्या, कारण ३०१ वर बरेच क्लायंट पोस्टचं (डेटा पाठवणाऱ्या रिक्वेस्टचं) गेट (नुसतं पान मागणारी रिक्वेस्ट) करून टाकतात आणि पाठवलेला डेटा जातो. आणि टार्गेटच्या पुढे यूआरआयचा प्लेसहोल्डर (जुन्या लिंकचा पाथ आपोआप भरला जातो ती जागा) हवाच, तो नसेल तर प्रत्येक जुनी लिंक होमपेजवर आदळते आणि कुणीतरी पाच वर्षांपूर्वी दिलेली लेखाची लिंक वाया जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाथ मॅचर (कोणत्या पत्त्यांना नियम लागू ते ठरवणारा भाग) अगदी तंतोतंत जुळवतो, स्लॅश ब्लॉग म्हणजे फक्त तेवढंच, त्याच्या खालची पानं हवी असतील तर स्टार लावा. शिवाय डायरेक्टिव्ह तुम्ही लिहाल त्या क्रमाने चालत नाहीत, कॅडीचा स्वतःचा क्रम आहे, त्यात रीडिर आधी आणि रीराइट (ब्राउझरला न कळवता सर्व्हरच्या आतच पत्ता बदलणं) नंतर, तुम्ही उलटं लिहिलं तरी. स्वतःचा क्रम हवा असेल तर रूट (route) ब्लॉकमधे टाका. एनजिनएक्सवरून येणाऱ्यांना हे पचायला वेळ लागतो.

रीराइटला मी थोडे कमी मार्क देईन. अॅड्रेस बार न बदलता ब्लॉगचं अॅप मेन डोमेनच्या सबफोल्डरमधे दाखवायचं तर हँडल पाथ हा डायरेक्टिव्ह पाथमधला फोल्डरचा भाग कापून मागच्या अॅपला रिक्वेस्ट देतो, इथपर्यंत छान, पण अॅपने एचटीएमएलमधे स्लॅशने सुरू होणाऱ्या लिंक दिल्या असतील तर सीएसएस आणि फोटो सगळे ४०४. यात दोष कॅडीचा नाही, कुठल्याही सर्व्हरवर हेच होतं, अॅपच्या सेटिंगमधे बेस पाथ बदलावा लागतो. तो बदलता येत नसेल तर सबडोमेन आहे तसंच ठेवा.

खरी अडचण वाइल्डकार्डची. सगळ्या सबडोमेनांना एकच स्टारवालं सर्टिफिकेट हवं असेल तर डीएनएस चॅलेंज (डीएनएस रेकॉर्ड टाकून डोमेन आपलंच असल्याचं सिद्ध करणं) लागतो, त्याला तुमच्या डीएनएस प्रोव्हायडरचं प्लगइन, आणि ही प्लगइनं साध्या पॅकेजमधे येत नाहीत, एक्सकॅडी या टूलने कॅडीची वेगळी बिल्ड करावी लागते किंवा डाउनलोड पेजवरून प्लगइनसकट घ्यावी लागते. नंतर पॅकेज मॅनेजरने अपडेट मारला की साधी बायनरी (प्रोग्रॅमची फाइल) त्याच्यावर बसते आणि प्लगइन गायब, त्यामुळे डेबियन किंवा उबुंटूवर असाल तर डीपीकेजी डायव्हर्ट या कमांडने ती साधी बायनरी आधीच बाजूला ठेवा. आणि स्टार एकाच पातळीपुरता असतो हे पण बघा, सबडोमेनच्या आत आणखी सबडोमेन असेल तर त्याचं सर्टिफिकेट वेगळंच घ्यावं लागेल.