केसीआय आणि रिस : कोरियन संशोधन शोधून देणाऱ्या दोन सेवांचे परीक्षण

कोरियन विद्यापीठांतील संशोधन परदेशी वाचकाला दिसते ते बहुतेक वेळा इंग्रजीत छापलेल्या भागापुरतेच. कोरियातील अभ्यासमंडळांच्या, म्हणजे एकेका विषयाच्या अभ्यासकांच्या संघटनांच्या, नियतकालिकांतून कोरियन भाषेत जे लिहिले जाते त्याचा विस्तार कितीतरी मोठा आहे, आणि तेथवर पोहोचायचे तर दोन सार्वजनिक सेवांशी परिचय करून घ्यावाच लागतो. पहिली सेवा म्हणजे देजॉन येथील राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची कोरिया सायटेशन इंडेक्स, अर्थात केसीआय, ही निबंधांची आणि त्यांतील संदर्भांची सूची. दुसरी म्हणजे देगू येथील केरिस ही शासकीय संस्था चालवत असलेली, प्रबंध आणि पुस्तके शोधून देणारी रिस. एकमेकांशी फारसा संबंध नसलेले तीन विषय, म्हणजे जैवयांत्रिकी (शरीराच्या हालचालींचे यांत्रिक शास्त्र), कामाच्या ठिकाणचे मानसशास्त्र आणि साहित्येतिहास, समोर ठेवून या दोन्ही सेवा वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की केसीआयचे खरे बळ तिच्या शोधचौकटीत नसून एका निबंधाकडून दुसऱ्या निबंधाकडे नेणाऱ्या संदर्भसाखळीत आहे, आणि विषय प्रयोगशाळेपासून जितका दूर जातो तितके हे बळ अधिक जाणवते.

केसीआय समजून घेताना तिच्या मागे असलेली व्यवस्था लक्षात घेतली पाहिजे. कोरियात 1998 पासून नियतकालिकांचे शासकीय पातळीवर मूल्यमापन होते, आणि त्यातून नोंदणीकृत, नोंदणीसाठी उमेदवार आणि उत्कृष्ट असे दर्जे ठरतात. प्राध्यापकाची नेमणूक, बढती आणि संशोधनासाठी मिळणारे अनुदान या दर्जांशी जोडलेले असल्यामुळे कोरियन अभ्यासक नोंदणीकृत नियतकालिकांत सातत्याने लिहितात. ते लेखन केसीआयमध्ये लेखक, संस्था, सारांश, कळीचे शब्द आणि संदर्भयादी यांसह नोंदले जाते. संदर्भयादीतील जो निबंध केसीआयमध्येच असेल त्यावर थेट जाता येते, आणि एखाद्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला तेही पाहता येते. 2014 पासून ही माहिती वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय संदर्भसूचीमध्येही स्वतंत्र संग्रह म्हणून मिळते; परंतु तो मार्ग वर्गणीदार संस्थांपुरता आहे, तर केसीआयचे स्वतःचे संकेतस्थळ कोणालाही विनामूल्य खुले आहे. संकेतस्थळाला इंग्रजी रूपही आहे. ओळख करून घेण्यासाठी ते पुरेसे ठरते, परंतु नेमका शोध हंगुल या कोरियन लिपीतच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

जैवयांत्रिकीचा शोध या तिघांत सर्वांत सोपा आहे. कोरियन उन्दोंग योकहाक मंडळाचे, म्हणजे क्रीडा-जैवयांत्रिकीचे, नियतकालिक खुले आहे. त्यातील सारांश उद्देश, पद्धती, निष्कर्ष अशा ठरलेल्या भागांत इंग्रजीतही दिलेले असतात, आणि आलेख व तक्ते भाषा न येणाऱ्यालाही बरेच काही सांगून जातात. तायक्वांदोतील फिरत्या लाथेच्या वेळी आधाराच्या पायावर येणारा भार, तिरंदाजाच्या खांद्याची स्थिरता, वृद्धांच्या चालीतील बदल, पादत्राणांचा सांध्यांवर होणारा परिणाम असे विषय तेथे पुन्हा पुन्हा येतात. यांतील पुष्कळ अभ्यास थोड्या खेळाडूंवर केलेले असतात आणि ते खेळाडू बहुधा विद्यापीठाच्या संघातील असतात, हे वाचताना विसरू नये. एक अडचण मात्र सांगितलीच पाहिजे. केसीआयच्या वर्गीकरणात क्रीडाशास्त्र हे कलेबरोबर एका विभागात येते, त्यामुळे शोध त्या एकाच विभागापुरता मर्यादित केला तर यंत्र अभियांत्रिकी, मानवानुकूल रचनाशास्त्र आणि पुनर्वसन वैद्यक या क्षेत्रांत विखुरलेले तितकेच महत्त्वाचे काम नजरेआड राहते. विभागाची गाळणी न लावता शोध घ्यावा आणि नंतर नियतकालिकांच्या नावांवरून निवड करावी, हे अधिक बरे. शरीरमापांविषयी आधारभूत माहिती हवी असेल तर 1979 पासून कोरियात होत आलेल्या राष्ट्रीय शरीरमापन सर्वेक्षणाचा आधार घेतलेले निबंध आधी पाहावेत. त्यांतील मापे कोरियन लोकसंख्येची आहेत आणि आसन, अवजार किंवा पोशाख यांच्या रचनेशी त्यांचा थेट संबंध आहे.

कामाच्या ठिकाणच्या मानसशास्त्राकडे वळल्यावर संदर्भसाखळीचे मोल कळू लागते. कोरियन मानसशास्त्र संघटना 1946 मध्ये स्थापन झाली, आणि औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्राला वाहिलेले तिचे स्वतंत्र नियतकालिक आहे. परंतु केवळ त्या नियतकालिकावर विसंबून चालत नाही, कारण कामाच्या ताणाविषयी सर्वाधिक वापरले जाणारे एक कोरियन मापनसाधन व्यवसायजन्य आरोग्याच्या क्षेत्रातून आले आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली 43 विधानांची असून तिची संक्षिप्त आवृत्ती 24 विधानांची आहे. कामाचा बोजा, निर्णयस्वातंत्र्याचा अभाव, सहकाऱ्यांशी संघर्ष, नोकरीची असुरक्षितता, मोबदल्यातील उणीव यांसारख्या इतरत्रही आढळणाऱ्या घटकांबरोबर तिच्यात कार्यालयीन संस्कृती हा एक वेगळा घटक आहे, आणि त्यात सहकाऱ्यांच्या एकत्र जेवणाच्या बैठका अवघड वाटतात का, स्त्री किंवा पुरुष असल्यामुळे तोटा सोसावा लागतो का, अशी विधाने येतात. परदेशी प्रश्नावलीचे नुसते भाषांतर करून ही विधाने सुचली नसती. कोरियन कार्यालयाचे निरीक्षण करूनच ती लिहिता येतात, आणि म्हणून या साधनाचा मूळ निबंध वाचल्याशिवाय त्यावर आधारलेल्या पुढच्या निबंधांतील आकड्यांचा अर्थ लावू नये, असे मला ठामपणे वाटते. केसीआयवर कोणत्याही अलीकडच्या निबंधाच्या संदर्भयादीतून या उगमाकडे जाता येते, आणि तेथून परिचारिका, अग्निशामक, दूरध्वनी सेवा केंद्रांतील कर्मचारी अशा निरनिराळ्या व्यवसायांवरील कामाकडे उतरता येते.

याच विषयात काळाची गाळणी उपयोगी पडते. ग्राहकांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना शिवीगाळ आणि अपमानापासून संरक्षण देणारी तरतूद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य कायद्यात 18 ऑक्टोबर 2018 पासून लागू झाली, आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाला प्रतिबंध करणारी श्रम मानक कायद्यातील तरतूद 16 जुलै 2019 पासून. आठवड्याला 52 तासांची मर्यादाही मोठ्या आस्थापनांना जुलै 2018 पासून लागू झाली. भावनिक श्रमावरचा, म्हणजे ग्राहकांसमोर स्वतःच्या भावना आवरून करावयाच्या कामावरचा, एखादा निबंध या तारखांच्या आधीचा आहे की नंतरचा, हे पाहिल्यावर त्यातील प्रश्न का विचारले गेले आणि शिफारशी कोणाला उद्देशून आहेत, हे स्पष्ट होते. शोधाच्या निकालात वर्ष ठळकपणे दिसते आणि वर्षानुसार निकाल छाटता येतात. ही साधी सोय आहे, परंतु कायद्याबरोबर बदलत गेलेल्या विषयासाठी तिचे महत्त्व फार आहे. येथे एक मर्यादाही आहे : इंग्रजी सारांशात प्रश्नावलीतील विधाने येत नाहीत, आणि पूर्ण मजकूर बहुधा कोरियन भाषेत असतो. ब्राउझरमधील यंत्रानुवाद चर्चेचा भाग समजून घेण्यास साहाय्य करतो. विधानांच्या शब्दरचनेवर निष्कर्ष काढायचा असेल तर मात्र भाषा जाणणाऱ्याची मदत घेतलीच पाहिजे.

साहित्येतिहासात या सेवांची खरी कसोटी लागते आणि वाचकाचीही. कोरियन साहित्याचा विसाव्या शतकातील इतिहास बराच काळ अपुऱ्या साधनांवर लिहिला गेला. 1945 मध्ये जपानी सत्तेतून मिळालेल्या स्वातंत्र्यानंतर उत्तर कोरियात गेलेल्या, किंवा कोरियन युद्धाच्या काळात तिकडे नेल्या गेलेल्या, लेखकांचे साहित्य दक्षिण कोरियात छापण्यास अनेक दशके बंदी होती. 1930 च्या दशकातील आधुनिक कवितेचे आधारस्तंभ मानले जाणारे जोंग जी-योंग आणि किम गी-रिम यांच्यावरील बंदी 1988 च्या मार्चमध्ये उठली, आणि त्याच वर्षी 19 जुलै रोजी शंभराहून अधिक लेखकांचे स्वातंत्र्यपूर्व साहित्य मुक्त झाले. बंदीच्या काळात अभ्यासकांना त्यांचा उल्लेख करायचा असे तेव्हा नावातील एक अक्षर गाळून त्या जागी वर्तुळ किंवा फुली छापण्याची पद्धत होती. आज पूर्ण नाव घालून शोध घेणाऱ्याला ती जुनी पाने सहजी सापडत नाहीत. शिवाय जुन्या निबंधांची शीर्षके चिनी अक्षरांत असतात आणि इंग्रजीत लिहिलेल्या नावांत एकवाक्यता नसते. एकच आडनाव ली, यी किंवा री अशा निरनिराळ्या रूपांत आढळते. म्हणून या विषयात इंग्रजीतून केलेला शोध मला जवळजवळ निरुपयोगी वाटतो.

अशा वेळी संदर्भसाखळी वाट दाखवते. एखाद्या कवीवरचा गेल्या दहा वर्षांतील एक चांगला निबंध हाती आला, की त्याच्या संदर्भयादीतून 1988 नंतरच्या पहिल्या पिढीतील अभ्यासकांचे काम उलगडते, आणि त्यांनी कोणत्या मासिकाचा कोणता अंक पाहिला तेही समजते. येथे केसीआयची हद्द संपते आणि रिसची सुरू होते, कारण केसीआयचा भर मुख्यतः नोंदणीकृत नियतकालिकांतील अलीकडच्या काळावर आहे, तर रिसवर देशभरातील विद्यापीठांचे पदव्युत्तर आणि पीएचडीचे प्रबंध, ग्रंथालयांतील पुस्तके आणि जुनी नियतकालिके एकाच ठिकाणी शोधता येतात. प्रबंधांचा पूर्ण मजकूर बहुतांश वेळा विनामूल्य उघडतो. लेखकाने परवानगी दिली नसेल तर मात्र तो बंद असतो. साहित्येतिहासाच्या अभ्यासकाने रिसवरील प्रबंधांना दुय्यम मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नियतकालिकातील निबंधात जागेअभावी गाळली गेलेली आवृत्त्यांची तुलना, मासिकांच्या अंकांच्या याद्या आणि लेखकाच्या प्रकाशनांची कालानुक्रमे मांडणी प्रबंधांच्या परिशिष्टांत मिळते, आणि इतिहास लिहिणाऱ्याला नेमके तेच हवे असते. मूळ साधनांसाठी अर्थात या दोन सेवांच्या बाहेर जावे लागते. 1920 पासूनची वृत्तपत्रे नावेर या कोरियन शोधसंकेतस्थळाच्या जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहात वाचता येतात, आणि त्या काळच्या कित्येक कादंबऱ्या वृत्तपत्रांतूनच क्रमशः छापल्या जात असल्यामुळे पहिले रूप पाहण्यासाठी तो संग्रह अपरिहार्य आहे. राजेशाहीच्या काळातील साहित्यासाठी राष्ट्रीय इतिहास संस्थेचे आणि अभिजात ग्रंथ अनुवाद संस्थेचे संग्रह आहेत. तेथे चिनी अक्षरांतील मूळ मजकुराबरोबर, जेथे अनुवाद झाला आहे तेथे, आधुनिक कोरियन अनुवादही मिळतो. ही साधने इतक्या मोकळेपणाने सर्वांना खुली ठेवली आहेत याबद्दल त्या संस्थांचे मनापासून आभार मानले पाहिजेत.

पूर्ण मजकूर मिळण्याच्या बाबतीत तिन्ही विषयांत मोठी तफावत आहे आणि ती मला खटकते. केसीआय निबंधाची नोंद नेहमी देते, परंतु मजकूर तेव्हाच देते जेव्हा संबंधित अभ्यासमंडळाने तशी संमती दिलेली असते. विज्ञान-तंत्रज्ञानातील अनेक मंडळांचे मजकूर किस्टी या शासकीय संस्थेच्या संकेतस्थळांवर खुले आहेत. मानव्यविद्या आणि समाजशास्त्रे यांतील पुष्कळ मंडळांनी मात्र आपले अंक डीबीपियासारख्या खासगी सेवांकडे सोपवले आहेत, आणि तेथे ज्याच्या ग्रंथालयाची वर्गणी नाही त्याला प्रत्येक निबंधासाठी काही हजार वॉन मोजावे लागतात. सार्वजनिक अनुदानावर झालेले काम वाचण्यासाठी पुन्हा पैसे द्यावे लागणे योग्य नाही, आणि ही तक्रार कोरियातूनच सर्वांत जोरकसपणे मांडली गेली आहे. 2019 मध्ये कोरियन साहित्य आणि अन्य मानव्यविद्यांच्या अभ्यासमंडळांनी व संशोधकांनी एकत्र येऊन ज्ञान सर्वांना खुले असावे असा जाहीरनामा काढला, आणि त्यांतील काही मंडळांनी आपली नियतकालिके प्रत्यक्षात खुली केली. ज्यांचे उत्पन्न या विक्रीतून येत होते अशा लहान मंडळांनी हा निर्णय घेतला, याचे मोल फार मोठे आहे.

केसीआयच्या उणिवांत मी आणखी दोन गोष्टी धरेन. नियतकालिकांच्या पानावर दिलेले उद्धरणांचे निर्देशांक तिन्ही विषयांना एकाच मापाने मोजतात. साहित्येतिहासातील निबंध अनेक वर्षांनीही उद्धृत होतो, त्यामुळे दोन वर्षांच्या उद्धरणांवर काढलेला आकडा त्या क्षेत्राला न्याय देत नाही, आणि वाचकाने त्यावरून नियतकालिक निवडू नये. दुसरे असे, की पुस्तकांतून आणि प्रबंधांतून झालेली उद्धरणे या गणनेत पुरेशी येत नाहीत, आणि साहित्येतिहास तर मुख्यतः पुस्तकांतूनच लिहिला जातो. संशोधकांसाठी दिलेली मजकूर-साम्य तपासण्याची विनामूल्य सोय मात्र उल्लेखनीय आहे.

नव्या वाचकाला माझी शिफारस अशी राहील : सुरुवात केसीआयवर हंगुल लिपीतील शोधाने करावी, दोन-तीन अलीकडचे निबंध निवडून त्यांच्या संदर्भयाद्यांतून मागे जावे आणि त्यांना उद्धृत करणाऱ्या निबंधांतून पुढे यावे. हवा असलेला निबंध केवळ खासगी सेवेवर दिसला, तर आधी त्या अभ्यासमंडळाचे स्वतःचे संकेतस्थळ पाहावे, आणि मग लेखकाचे नाव रिसवर शोधावे, कारण तरुण अभ्यासकांचे निबंध पुष्कळदा त्यांच्या प्रबंधातील एखाद्या प्रकरणावर आधारलेले असतात आणि तो प्रबंध तेथे विनामूल्य मिळण्याची शक्यता चांगली असते. पैसे भरण्याचा विचार त्यानंतरच करावा.