बोलक्या भिंती की दोरीवरचे तक्ते?

बोलक्या भिंती, म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गात भिंतींवर ऑइलपेंटने रंगवलेली मुळाक्षरं, पाढे, दिसतात छान, ओल्या फडक्याने पुसूनही घेता येतात. पण धडा बदलतो, भिंत बदलत नाही. महिन्याभरात मुलं तिच्याकडे बघेनाशी होतात. शिवाय ओल धरलेल्या भिंतीवर ऑइलपेंट दिला, तर ओल आत कोंडते आणि पावसाळ्यात फुगे येऊन पोपडे सुटतात. रंगवायचंच तर मे महिन्यात, भिंत पूर्ण सुकल्यावर, आधी प्रायमर मारून. आणि वर्षभर लागणारंच रंगवा: मुळाक्षरं, १ ते १०० अंक.

बाकी सगळ्याला दोरीच बरी. मुलांच्या नजरेच्या उंचीवर, साधारण साडेतीन फुटांवर, नायलॉनची दोरी ताणा. दर चार फुटांना आधार हवा, नाहीतर मधे झोळ येतो. तिथे खिळे अजिबात नकोत, ते थेट डोळ्यांच्या पातळीत येतात. बोथट प्लॅस्टिकचे हूक स्क्रूने बसवा. तक्ते कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा. सेलोटेप काढताना भिंतीचा रंगही निघतो. पंख्याच्या वाऱ्याने कार्डशीट फडफडतं नि गुंडाळतं, म्हणून खालच्या कडेला खराट्याची काडी चिकटवा. एका वेळी पाच-सहाच तक्ते पुरेत, त्यांतले निम्मे तरी मुलांच्या हातचे असावेत.