घरी सजवलेला इंजिन बे: सी-१० काही महिने चालवल्यानंतर

गाडी १९७० ची शेवरले सी-१० पिकअप ट्रक, इंजिन ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक व्ही-८. इंजिन उतरवलं, आतला पत्रा उघडा केला, गंज काढला, रंग दिला, वायरिंग नवं ओढलं आणि थोडी हौसही भागवून घेतली. काम संपलं त्या दिवशीचे फोटो सगळ्यांचेच देखणे येतात, म्हणून तेव्हा काही लिहिलं नाही. आता ही गाडी उन्हात, पावसात, मागे ओझं लादून, ट्रॅफिकमध्ये रखडत बऱ्यापैकी चालली आहे. बॉनेट उघडलं की धूळ दिसते, एकदोन ठिकाणी तेलाचा ओलावा दिसतो. रंगकामाचं आणि जोडकामाचं खरं काय ते आता सांगता येतं.

पैशाला सगळ्यात जास्त जागला तो इपॉक्सी प्रायमर. दोन घटक मिसळून मारायचा, थेट उघड्या पत्र्यावर. साधा प्रायमर सच्छिद्र असतो, त्यातून ओल आत जाते आणि रंगाखाली गंज धरतो. इपॉक्सी ती वाट बंद करतो. बॅटरीच्या ट्रेखाली आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) वरच्या कडेला ही गाडी सगळ्यात जास्त सडली होती. वायपरखालच्या काउलमध्ये पाला साचतो, पाणी तुंबतं आणि तिथून खाली झिरपतं, हा या पिढीच्या गाड्यांचा जुना रोग. तिथे आज नखाने खरवडलं तरी काही निघत नाही. काउलमधला पाला मात्र हाताने काढावाच लागतो, त्याला कुठलाही प्रायमर पर्याय नाही.

एक गोष्ट डब्यावर बारीक अक्षरात असते आणि बरेच जण ती वाचत नाहीत. गंज मारायला जे फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावतो, त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर इपॉक्सी धरत नाही. मी खाचाखोचांतच ते वापरलं, नंतर धुऊन, कोरडं करून, पुन्हा घासून घेतलं. सपाट जागी वायर ब्रश आणि घासकागद पुरला. दुसरं म्हणजे वरचा टू-के रंग, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन घटकांचा रंग. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि धुळीचा साधा मास्क ते अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल तर तो थर घरी गनने मारू नये. मी तेवढा थर बाहेरच्या रंगाऱ्याकडून मारून घेतला.

फायरवॉल मी फिकट राखाडी केली. चमकदार काळ्या रंगाची चाल आहे हे माहीत आहे, पण काळ्यावर गळती दिसत नाही आणि धूळ तेवढी उठून दिसते. राखाडीवर तेलाचा थेंब पडला की दुसऱ्या दिवशी कळतं कुठून आला. आतल्या फेंडरना निमचमक काळा दिला, इंजिनाला शेवरलेचा नेहमीचा नारिंगी. नारिंगीबद्दल तक्रार नाही; फक्त पाण्याच्या मार्गाशेजारी, इनटेकच्या (इंजिनात हवा-इंधन नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या) पुढच्या टोकाला, थोडा करपट झाला आहे.

रंगाचा खरा शत्रू मात्र उष्णता नाही, ब्रेक ऑइल आहे. डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉलवर आधारलेली असतात आणि रंग सोलून काढतात. ब्रेक ऑइलचा मास्टर सिलिंडर फायरवॉलवरच, त्यामुळे टोपीशी जरा ओल आली तरी ओघळ खाली उतरतो. टू-के रंगाने बराच तग धरला, सिलिंडरच्या बुडाशी फक्त एक मऊ डाग आहे. तेल ओतताना ओला फडका आणि पाणी हाताशी ठेवलं की भागतं. सिलिकॉनचं डॉट ५ रंगाला काही करत नाही, म्हणून काही जण सुचवतात. पण ते बाकीच्यांत मिसळत नाही, पूर्ण यंत्रणा रिकामी करून धुवावी लागते, आणि त्यात हवेचे बुडबुडे अडकले तर पेडल स्पंजासारखं लागतं. रंग वाचवायला ब्रेक बिघडवायचे हा सौदा मला पटत नाही.

आता वायरिंग. इथे सजावट आणि इंजिन यांचं थेट भांडण आहे, आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही. प्लगच्या वायरी एकमेकींना चिकटून, समांतर, कंगव्यासारख्या ओळीत बसवलेल्या फार सुंदर दिसतात. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी मिळण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. त्यात ५ आणि ७ पाठोपाठ येतात, आणि दोन्ही सिलिंडर डाव्या बाजूला शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या वायरी लांबवर समांतर गेल्या तर पाचच्या वायरीतल्या प्रवाहाने सातच्या वायरीत व्होल्टेज उमटू शकतं. म्हणजे सातला ठिणगी जवळजवळ ९० अंश आधी, पिस्टन वर येत असतानाच. रिकाम्या गाडीत ते जाणवतही नाही. ओझं घेऊन चढावर गेलं की ठोका ऐकू येतो, आणि पुढचं नुकसान पिस्टनचं. माझ्या गाडीत या दोन वायरी मुद्दाम लांब ठेवल्यात, मध्ये सेपरेटर लावून, आणि जिथे जवळ येतात तिथे एकमेकींना काटून जातात. बघायला आलेला प्रत्येक जण विचारतो, "ह्या दोनच वाकड्या का?" वाकड्याच राहणार.

पॉइंट्स (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे जुने यांत्रिक संपर्क) काढून एचईआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा, डिस्ट्रिब्युटर घातला. याबाबत मी शंभर टक्के समाधानी आहे. थंडीत पहिल्या किकला गाडी घेते, पॉइंट्स घासण्याची कटकट गेली. प्लगचा गॅप पूर्वी ०.०३५ इंच होता, आता ०.०४५ ठेवतो. मात्र जुन्या हार्नेसमधली (वायरींच्या जुडग्यातली) कॉइलची वायर ही मुळात रेझिस्टन्स वायर असते, पॉइंट्स जळू नयेत म्हणून व्होल्टेज उतरवणारी. एचईआयला पूर्ण १२ व्होल्ट लागतात. इग्निशन स्विचपासून नवी जाड वायर ओढली तरच त्याचा उपयोग. नाहीतर लोक दोष एचईआयला देतात.

नव्या वायरी क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीनच्या घेतल्या, १२५ अंश सेल्सिअसपर्यंत सोसणाऱ्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून जाणाऱ्या तुकड्यांवर वेगळं आवरण चढवलं. अजून कुठे वितळल्याची, कडक झाल्याची खूण नाही. बाहेरचा व्होल्टेज रेग्युलेटर गेला, आत रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर आला, तेवढी भिंत मोकळी झाली.

अर्थिंगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नव्याने रंगवलेल्या गाड्यांतले निम्मे विचित्र आजार इथलेच असतात. जुन्या गाडीत बोल्टखाली उघडा पत्रा असायचा. आपण सगळं इपॉक्सीने आणि पावडर कोटिंगने झाकतो आणि प्रवाहाची वाटच बंद करतो. मग इंडिकेटर लावला की तापमानाचा काटा हलतो, स्टार्टर मरगळतो. माझ्याकडे बॅटरीपासून ब्लॉकला जाड केबल, ब्लॉकपासून फायरवॉलला वेगळी पट्टी, फायरवॉलपासून चॅसिसला तिसरी. प्रत्येकीच्या जागेवरचा रंग वॉशरएवढा खरवडून, दातेरी वॉशर घालून, आवळल्यावर वरून ग्रीस. तपासायची रीत सोपी: स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून ब्लॉकपर्यंत मल्टिमीटर लावायचा. मला ०.२ व्होल्टच्या आत हवं असतं. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजलं, तेवढंच आहे.

क्रोमचे व्हॉल्व्ह कव्हर निराशाजनक. पातळ पत्रा, बोल्ट जरा जास्त आवळले की कड वाकते आणि दोन बोल्टांच्या मध्ये तेल पाझरतं. अशा कव्हरला साधारण ५ न्यूटन-मीटर पुरे असतात, म्हणजे हाताला वाटतं त्याहून बरंच कमी. बोल्टखाली दाब पसरवणाऱ्या पट्ट्या लावल्यावर गळती थांबली, पण आता मूळचे दाबकामाचे कव्हर रंगवून परत लावलेत. ते जाड आहेत, आणि खरं सांगायचं तर जास्त शोभतात.

एक्झॉस्टला आधीच्या मालकाने मॅनिफोल्डऐवजी हेडर (पोलादी नळ्यांचा संच) बसवून त्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळली होती. सोडली तर खाली साध्या पोलादाचे पापुद्रे. पट्टी ओल धरून ठेवते, नळी कायम तापलेली राहते, गंजाला आणखी काय लागतं? मी ओतीव लोखंडाचे मॅनिफोल्ड परत लावले आणि जास्त तापमानाचा सिलिकॉन रंग मारला. तो पायरीपायरीने तापवल्याशिवाय पक्का होत नाही, तसं तापवलंही. तरी पोर्टांच्या गळ्याशी तो पांढुरका होऊन उडाला आहे. त्यावर पुन्हा वेळ घालवणार नाही. तिथे टिकायचं असेल तर सिरॅमिक कोटिंग, नाहीतर उघडं लोखंड; दोन्हींत लाज वाटण्यासारखं काही नाही.

स्टेनलेसचे नट-बोल्ट छान राहिलेत, पण ॲल्युमिनियमच्या इनटेकमध्ये घालताना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावलंच पाहिजे, दोन धातू ओलीत एकमेकांना धरून बसतात. इंधनाच्या नळीत काचेचा दिखाऊ फिल्टर टाकायचा मोह टाळावा; गरम मॅनिफोल्डच्या वर पेट्रोलची काच नको. इथेनॉल सोसणारी नळी घ्यावी, तिचा मार्ग उष्णतेपासून दूर ठेवावा, बस.

कूलिंगमध्ये इलेक्ट्रिक फॅन घालायचा विचार होता, कारण त्याने इंजिनापुढची जागा मोकळी दिसते. त्याऐवजी मूळचा पंख्याचा श्राउड (पंख्याभोवतीचं हवा वळवणारं आवरण) शोधून बसवला, पाती अर्धी आत, अर्धी बाहेर. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट, रेडिएटरला १५ पीएसआय दाबाची टोपी, निम्मं कूलंट निम्मं पाणी. भर उन्हात, ट्रॅफिकमध्ये उभी राहून, काटा नेहमीच्या जागेपेक्षा जेमतेम वर जातो. श्राउडमुळे पुढचे बोल्ट गाठायला हात वाकडा करावा लागतो, आणि बेल्ट बदलताना तो अर्धा सोडावा लागतो. तेवढं चालतं. इलेक्ट्रिक फॅनची वायर, रिले आणि फ्यूज यांच्यासाठी हार्नेसमध्ये जागा राखून ठेवली आहे. एसी बसवला तरच ती वापरायची.